मास्तरांच्या मशीनला मी सभ्य केलं

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, मग काय हसायचं ते हसा. वाईट वागून माणसाची फजिती होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी झाली ती चांगुलपणामुळे. मी एका कॉम्प्युटरला चांगलं वळण लावायला गेलो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत इक्बालशेठच्या कापड कारखान्यात मी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचो. घर जवळच्याच कोन गावात. शिक्षण नववी, तीही अर्धी. गणिताच्या एका मास्तरांच्या तोंडाला घाबरून शाळा सुटली ती सुटलीच. लुमाच्या खडखडाटात एक बरं असतं, कुणाशी बोलावं लागत नाही. लाजाळू माणसाचं तिथे झाकून जातं. पण माझा डावा कान हळूहळू काम सोडायला लागला होता. आई म्हणायची, "दुसरं कायतरी बघ रं. उद्या बायकोनं हाक मारली तरी ऐकू येनार न्हाय."

आमच्या काही लुमांवर डॉबी होती. म्हणजे काय, तर लाकडी पट्ट्यांची एक माळ. पट्टीच्या भोकांत खुंट्या ठोकायच्या. खुंटी असेल तिथले धागे वर उचलले जातात आणि कापडावर नक्षी उमटते. कुठे खुंटी आणि कुठे रिकामं भोक, हा नकाशा चौकटीच्या कागदावर काढायला दोन दिवस जायचे. तो झटपट निघावा म्हणून शेठनी कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यासोबत आले लेले मास्तर.

मास्तर गणिताचेच, निवृत्त. माझ्या शाळेतले नव्हेत, पण साचा तोच. त्यांनी कॉम्प्युटरसाठी स्वतःची एक भाषा बनवली होती. पाच-सहा शब्दांची, सगळी मराठी, फक्त अक्षरं इंग्रजी. 'उचल एक चार' असं लिहायचं, दर ओळीला एक पट्टी. शेवटी प्रिंटर करकरत अख्खा नकाशा बाहेर टाकायचा. तासाभरात काम खलास. मला इंग्रजी अक्षरं वाचता येत होती, म्हणून शेठनी मला तिथे बसवलं. काचेची केबिन, शांतता, पंखा. शेठ म्हणाले, शनिवारी मुंबईचा व्यापारी नमुना बघायला येतोय. तो पास झाला तर ही खुर्ची कायमची तुझी, नाहीतर परत लुमावर.

आता मास्तरांची भाषा उत्तम, पण तोंड? शेठना ते 'बिनडोक सावकार' म्हणायचे, तेही शेठच्या समोर. आणि त्यांचं तोंड त्यांनी मशीनमध्येही घालून ठेवलं होतं. ओळ चुकली की पडद्यावर यायचं, 'डोळे आहेत की बटणं? ओळ सात बघ.' दोनदा चुकलं तर, 'अक्कल कल्याणला विसरलास का? ओळ नऊ.' मग मशीन थांबायचं. चूक सुधारा, नाहीतर एन्टर दाबून आहे तसंच छापा. एवढं ऐकून घेतल्यावर कुणी एन्टर दाबत नसे.

मला रात्री झोप येईना. चहाच्या टपरीवर मी एकदा बोलून गेलो की ज्याचं तोंड असं, त्याची भाषा आपण वापरूच नये.

बारक्यादादा फिटर म्हणाला, "कापड सरळ निघतंय ना? मंग मास्तर वाकडा असला म्हनून तुला काय?"

शेठ बशीतला चहा संपवून म्हणाले, "अरे नामदेव, मास्तरला काय जावई करायचाय? नक्शा काढायचाय. आदमी कडू है, काम मीठा है."

मला ते पटलं नाही. नववीतलं ते बाक आठवलं. माझ्यासारखा दुसरा कुणी इथे येऊन बसेल आणि त्याचीही शाळा सुटेल, असं वाटलं.

मशीनचे सगळे टोमणे एका वेगळ्या फायलीत होते. मास्तरांनीच मागे दाखवली होती. गुरुवारी दुपारी मी ती उघडली, एकेक टोमणा पुसला आणि प्रत्येक जागी लिहिलं, 'नमस्कार. सवडीने एकदा पाहावे. आपला कृपाभिलाषी.' ओळीचा नंबर मुद्दामच काढला. चारचौघांत एखाद्याची चूक बोट दाखवून सांगणं बरं दिसतं का? केबिनमध्ये एकदम देवळासारखं वाटायला लागलं.

मग मी शनिवारच्या नमुन्याचं काम घेतलं. बारीक शंकरपाळ्यांची नक्षी. बत्तीस ओळी लिहून झाल्या आणि पडद्यावर आलं, 'नमस्कार. सवडीने एकदा पाहावे.'

काय सांगू, ऊर भरून आला. किती गोड बोलतंय मशीन! आणि सवड तर मला नव्हती. एन्टर दाबला. बारक्यादादाने खुंट्या ठोकल्या. शुक्रवारी कारखाना बंद, म्हणून संध्याकाळीच कापड काढलं.

बारावी ओळ मी रिकामी सोडली होती. त्या ओळीला एकही धागा उचलला गेला नाही आणि आडवा दोरा नुसताच लोंबत राहिला. एका जागी नाही, नक्षी फिरून आली की दर वेळी. प्रत्येक शंकरपाळीच्या कमरेला पट्टा.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी कापड पाहिलं, पडदा वाचला, माझ्याकडे वळले. मी डोळे मिटून घेतले.

"अहो नामदेवराव," मास्तर म्हणाले, "हे आपण केलंत?"

'आपण'! सगळं आयुष्य त्या शब्दाची वाट पाहिली, आणि तो आला तो असा.

"सर," मी म्हटलं, "गाढव म्हणा ना."

"नमस्काराला कोण थांबतं हो?" ते म्हणाले. "टोमणा बसला की माणूस थांबतो. म्हणून घातलेत. बसा आता इथे."

शेजारी बसून त्यांनी ओळ बारा माझ्याकडून लिहून घेतली. शुक्रवारी शेठनी फक्त त्या एका लुमासाठी कारखाना उघडला. शनिवारी नमुना पास झाला आणि खुर्ची मला मिळाली.

मास्तरांनी फाईल पुन्हा पहिल्यासारखी केली. माझा नमस्कार मात्र पुसला नाही. नकाशा बिनचूक निघाला की मशीन तेव्हापासून 'नमस्कार' म्हणतं. वर त्यांनी एक नवीन टोमणाही घातला, खास रिकाम्या ओळीसाठी. शेठ चुकोत, बारक्यादादा चुको, पडद्यावर येतं, 'नामदेव होऊ नकोस. ओळ बघ.'

आणि त्या खुर्चीवर बसतो कोण? मी! दिवसातून चारदा मशीन मलाच बजावतं, नामदेव होऊ नकोस. खूप प्रयत्न करतो हो, पण जमत नाही.