सुनंदाबाईंच्या नावाचं रक्त

अलिबागच्या स्टँडवर बायकोने डबा हातात दिला आणि म्हणाली, "लोकांची पोटं मोजायला निघालात, आधी स्वतःचं मोजून घ्या." मी ऐकलं नाही असं दाखवलं. मी निवृत्त झाल्यापासून तिला बोलायला मोकळा वेळ मिळालाय आणि मला ऐकायला, त्याला इलाज नाही.

निमित्त होतं माझ्या पुतणीचं. मृणाल एका देशभर चाललेल्या पाहणीत काम करते. आपल्या देशातल्या प्रौढ माणसांपैकी किती जणांना मेटाबॉलिक सिंड्रोम आहे हे शोधायचं, असं तिचं काम. हे नाव ऐकून मी घाबरलो होतो, पण तिने सोपं करून सांगितलं. कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल, अशी पाच मापं घ्यायची. त्यांतली तीन बिघडलेली निघाली तर माणूस त्यात मोडतो. बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आत हृदयविकाराची तयारी सुरू झालेली असते. तिच्याबरोबर नोंदी लिहिणारी मुलगी तापाने पडली आणि आठ दिवसांपुरता मी बदली कामगार झालो.

पुण्याला गाडी बदलून नगरला उतरलो. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच होतं. आमच्याकडे डोळ्यांना सतत हिरवं दिसायची सवय. इथे जमीन मैलोन् मैल उघडी पडलेली, आणि मध्येच कालव्याचं पाणी पोचलं की एकदम उसाचा दाट पट्टा. हवा इतकी कोरडी की दुपारपर्यंत माझे ओठ फुटले. मृणाल जीप घेऊन आली होती. तिने आधी पाण्याची बाटली दिली, मग नोंदवही.

घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता, म्हणून जीप तासभर अडकली. मी उतरून हिंडलो. यासीनभाई नावाचे एक पिकल्या दाढीचे व्यापारी म्हशीच्या पाठीवरून, फासळ्यांवरून हात फिरवत होते. मी विचारलं, हाताला काय कळतं?

"चरबी कुठं बसलीय ते कळतं, साहेब," ते म्हणाले. "नुसती चरबी धरलेली म्हस दूध देत न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जनावर फुगलं की आमी म्हनतो आजारी हाय. मानूस फुगला की म्हनतो सुखात हाय."

"तुमचं काय?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि मोठ्याने हसले. "मला कोन इकत घेतंय?"

तिथून आत दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, ते का हे पुढे कळेल. उतरायला शाळेची एक खोली. रात्री पाटलांच्या घरून हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) आणि बाजरीची भाकरी आली. कुळीथ म्हणजे आम्हा कोकणातल्या माणसांची मक्तेदारी असा माझा समज होता. तो दोन वाट्यांत उतरला.

कामाची पद्धत अशी: घरं चिठ्ठी टाकून निवडायची, आणि घरातलं कोण हेही चिठ्ठीनेच ठरवायचं. एकदा निघालेलं नाव बदलायचं नाही. हे लोकांना पटवताना मृणालचा घसा बसत असे. पाचव्या दिवशी संध्याकाळी गावातल्या शेवटच्या घरी गेलो. नामदेवराव, त्यांचा धाकटा भाऊ, दोघांच्या बायका आणि म्हातारे वडील. चिठ्ठी निघाली थोरल्या जाऊबाईंची, सुनंदाबाईंची.

"तिला काय झालंय? हिंडतीफिरती हाय," नामदेवराव म्हणाले. "आमच्या वडलांना शुगर हाय, त्यांचं बघा की. मशीन दारात आलंय तर वाया कशाला घालवायचं?"

मृणाल म्हणाली, "भाऊ, धान्याच्या पोत्यात व्यापारी परखीची टोकदार नळी खुपसतो. परखीत येईल तोच दाणा बघतो ना? चांगला दाणा निवडून दाखवता येत नाही, आणि किडकाही नाही."

हे मात्र त्यांना लगेच पटलं.

सुनंदाबाई चाळिशीच्या पुढच्या. हातपाय काटकुळे, पण लुगड्याआडून पोट पुढे आलेलं. मृणालने त्यांना आत नेऊन कंबर मोजली, बाहेर आणून रक्तदाब घेतला, तो चढा निघाला. पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतला, तरी तेच. विचारता विचारता कळलं की काही महिने त्यांना सारखी तहान लागते, उठताना चक्कर येते. नवऱ्याला हे नवीन होतं.

"आगं, बोलली न्हाई कदी?"

"काय बोलायचं त्यात. उनाचं हुतंय."

नामदेवराव गंभीर झाले. "परवा नेवाशाला डॉक्टरकडं नेतो," ते म्हणाले. मृणालने सुनंदाबाईंना दोनदा बजावलं की सकाळी सात वाजता शाळेत यायचं, आणि आता जेवल्यावर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

"च्या बी न्हाई?"

"चहासुद्धा नाही."

सकाळी शाळेच्या ओट्यावर मी नळ्यांवर नावं लिहायला बसलो. रक्त घ्यायला विनायक नावाचा मुलगा पहाटे नगरहून आला होता. त्याने सुनंदाबाईंना पाहिलेलं नव्हतं. मृणाल मागे जीपमध्ये आधीच्या नळ्या फिरवायच्या यंत्राशी झगडत होती. पदर पुढे ओढून एक बाई समोर बसली. मी वर पाहिलं. त्या धाकट्या जाऊबाई होत्या, मंदाबाई.

"नाव?" विनायकने विचारलं.

"सुनंदा नामदेव."

मंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "लिवा ना भाऊ. आक्का धारा काढायला उठल्या आन् सवयीनं च्या पिल्या. तुमच्या ताईंचा कागद मोकळा राहील म्हनून मी आले. मी काय बी खाल्लं न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा नाही, मदत केल्याचा भाव होता. पाहुण्या पोरीचं काम अडू नये म्हणून एक बाई उपाशीपोटी चालत आली होती. आदल्या दिवशी दोन घरांनी रक्त द्यायला नकार दिला होता आणि मृणाल रात्री न जेवता झोपली होती. हा शेवटचा कागद झाला की गाव संपत होतं. मी लिहिलं. सुनंदा नामदेव.

विनायकने रक्त घेतलं, रक्तदाब घेतला, बोटातल्या थेंबावर साखर तपासली आणि कार्ड भरलं. सगळं नीट. "काल या घाबरल्या असतील, म्हणून रक्तदाब चढला असेल," तो म्हणाला. मंदाबाई कार्ड घेऊन घरी गेल्या.

दुपारी आम्ही श्रीरामपूरला पोचलो. स्टँडजवळ गरम भजी तळत होते, मृणालने दोन प्लेटी मागवल्या. ती खुशीत होती. "काका, त्या सुनंदाबाईंची मला रात्रभर काळजी होती. साखर इतकी छान येईल असं वाटलं नव्हतं. आपण उगीच त्यांच्या नवऱ्याला घाबरवलं."

मी हातातलं भजं परत प्लेटीत ठेवलं. तोवर मी स्वतःला समजावत होतो की एवढ्या मोठ्या देशात एका नळीने काय बिघडतं. पण कार्ड नवऱ्याच्या हातात पडलं असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

मृणाल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने प्लेट बाजूला सारली, विनायकला ती नळी वेगळी काढून ठेवायला सांगितली, वरिष्ठांना फोन करून चूक कळवली आणि मला म्हणाली, "काका, तुम्हाला दिसत होतं. तुम्ही लिहिलंत." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नोकरीत चुका केल्या नाहीत असं नाही, पण तिथे सही करणारा कुणीतरी वरचा असे.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही पुन्हा त्या घरी होतो. नामदेवराव मोटरसायकल घेऊन ऊसतोडीकडे निघाले होते.

"आज नेवाशाला जाणार होतात ना?" मृणालने विचारलं.

"आता कशाला?" त्यांनी खिशातून कार्ड काढून दाखवलं. "तुमच्याच मानसानं लिवलंय, समदं नीट हाय म्हनून."

सुनंदाबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर मंदाबाईंचं नाव निघालं असतं, आणि भावाभावांच्या घरात ते भांडण किती दिवस पुरलं असतं कोण जाणे. म्हणून त्या कार्ड खरं मानायला निघाल्या होत्या, ते खोटं आहे हे स्वतः जाणत असताना.

मी पुढे झालो. "नामदेवराव, नोंद चुकली. ती चूक माझी. दुसऱ्या कुणाचे आकडे या कार्डावर चढले, आणि ते मला ठाऊक होतं." कुणाचे, हे त्यांनी विचारलं नाही. आतून चुलीशी बसलेल्या मंदाबाई मात्र उठून बाहेर आल्या. "त्यांची न्हाई चूक. माजं रगत हाय ते," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.  नामदेवरावांनी मोटरसायकल पुन्हा स्टँडवर लावली.

"काय खाल्लं न्हाई ना आज?" त्यांनी बायकोला विचारलं.

"न्हाई. आज च्या बी न्हाई. का कोन जाने, मन हुईना."

मृणालने बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला. तिने तो पाहिला, नवी पट्टी लावली आणि दुसऱ्या बोटातून पुन्हा थेंब घेतला. साखर खूप वाढलेली होती. रक्तदाबही परवापेक्षा वर गेला होता; कंबर धरून तीन मापं तिथेच बिघडलेली निघाली. मोठी तपासणी डॉक्टरच करतील, पण आजच जा, उद्यावर टाकू नका, असं तिने सांगितलं. सुनंदाबाईंनी पदराने बोट पुसलं आणि आत साडी बदलायला गेल्या. धारा काढायच्या राहिल्या होत्या, त्या मंदाबाईंनी काढायला घेतल्या.

मोटरसायकलवर बसण्याआधी सुनंदाबाई माझ्याजवळ आल्या. "भाऊ, तुमी परत आला म्हनून. न्हाईतर मी काय बोलनार नव्हते."

"मरेपर्यंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "घर फुटलं असतं."

अलिबागला येऊन आता दोन महिने झाले. सुनंदाबाईंना गोळ्या चालू आहेत, तहान कमी झाली आहे, असं मृणालने फोनवर सांगितलं. त्या गावाचा कागद वरिष्ठांनी दोनदा तपासून मग घेतला. इथे कट्ट्यावर लोक मला विचारतात, देशात किती जणांना आहे हो हा आजार? मी सांगतो, अजून मोजतायत. खरा आकडा येईल तेव्हा छापून येईल, आणि मी तो वाचीन. त्यात सुनंदाबाई आजारी म्हणून मोजलेल्या असतील. एक दिवस आणि एक रात्र मी त्यांना बरं ठरवलं होतं.