चहा उतू जायच्या आत आठ चित्रं

ती फरशी मी पुसली. हे आधीच सांगून टाकतो, कारण चाचांविषयी लिहायला लागलं की हसू येतं आणि मूळ गोष्ट मागं पडते.

माणसाला बोलता आलं नाही तरी चालेल, पण खडू धरता आलाच पाहिजे, असं मानणारा चाचांसारखा दुसरा माणूस हिंगोलीत झाला नाही. नव्वदच्या दशकात आमच्या वर्कशॉपमध्ये हळद शिजवायच्या कढया बनत. चाचा सर्वांत जुने फिटर, मी नवा डिप्लोमावाला. काही नवीन बनवायचं झालं की ते स्टोव्हवर चहा ठेवत आणि प्रत्येकासमोर फरशीवर आठ चौकटी आखत. चहा उतू जायच्या आत आठ चित्रं काढायची. वेल्डर, झाडणाऱ्या बाई, दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक, कुणाचीच सुटका नसे. एकदा पोस्टमनला बसवलं. त्यानं आठही चौकटींत बैल काढले. चाचा गंभीरपणे म्हणाले, "दुसऱ्या बैलाच्या पाठीवर झाकण ठेवा, कढई बराबर होते." हसणाऱ्याला चहा मिळत नसे, आणि खोडणं तर हराम. "पयले तीन डोक्यातले असतेत, कुठंतरी पाह्यलेले. घाई झाली की मंग आपलं निघतं." ती चित्रं आठ-आठ दिवस राहत. आम्ही उभ्या पिकातून चालावं तसे पाय उचलून चालायचो.

मालकांना हे पटत नसे. एका वर्षी एक मोठे बागायतदार म्हणाले, उकळती हळद काढताना मजुरांचे हात भाजणार नाहीत अशी कढई उद्या कागदावर काढून दाखवा, सगळी ऑर्डर तुमची. मालकांनी बजावलं, "चाचा, ही ऑर्डर गेली तर तुमचा खडू बंद." त्या संध्याकाळी झाडणाऱ्या बाईंच्या आठव्या चौकटीत पाळण्यासारखी कलणारी कढई निघाली. चाचांनी त्या चित्राशेजारी खडूनं तासभर मापं मांडली आणि ते कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे दिलं. मी म्हणालो, सकाळी करतो.

सकाळी लवकर आलो आणि फरशी पाहून लाजलो. एवढे मोठे पाहुणे येणार आणि समोर या पोरखेळाच्या रेघोट्या! एक चित्र तर लक्षात राहीलच, असं म्हणून ओलं पोतं फिरवलं. पाहुणे आले तेव्हा कागदावर पेन्सिल टेकली ती तिथंच राहिली. कढई ज्यावर कलते तो कणा किती उंच, कल किती, काही आठवेना; चाचाही मापं डोक्यात नव्हे, फरशीवरच ठेवत.

"चित्र कुठंय? कुणी पुसलं?" मालक ओरडले.

चाचांनी माझ्या ओल्या पॅन्टकडे पाहिलं. "पाणी सांडलं माझ्याकडून, मालक."

मी ओलं पोतं पायानं मागं सारलं. ऑर्डर गेली, खडूही गेला. चाचा चहा ठेवत राहिले, पण आता तो नुसताच उकळायचा.

दहा-बारा वर्षांनी कळमनुरीला त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "चाचा, त्या दिवशी पाहुणे येणार होते, म्हणून मला वाटलं..."

त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. "हे पयलं झालं. डोक्यातलं हाय. दुसरं बोला."

"मी नवा होतो."

"तिसरं."

"मालकांची भीती होती."

"हेबी पाह्यलेलंच हाय. बोला, इंजिनेर, चहा वर येऊन राहिला."

फेस काठाला लागला.

"चाचा, फरशी मी पुसली आणि बोलणी तुम्हाला खाऊ दिली. मला माफ करा."