मेव्हण्याच्या गालावरचे फ्रेट

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी जुनी गिटार विकत घेतली आणि सातव्या फ्रेटवर अडकलो. फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. सातवीवर बोट ठेवलं की तार पुढच्या पट्टीला घासून झर्र करायची. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, माशी अडकली का कशात?"

माझा मेव्हणा नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर आहे. त्याने दांड्याला डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, पट्ट्या वरखाली हायेत. काहून टेन्शन घेता? आमच्याकडे केसाएवढा फरक दिसला तरी साहेब माल वापस फेकते. मी करतो ना सपाट."

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही जेवणाचं टेबल अडवलं. तारा काढल्या, लाकडावर चिकटपट्टी लावली, आणि त्याने प्रत्येक पट्टीची पाठ काळ्या मार्करने रंगवली. ओट्याचा ग्रॅनाइटचा एक तुकडा उरला होता, त्याला पॉलिश पेपर चिकटवून तो दांड्यावर फिरवायचा. उंच पट्टीची शाई आधी जाते, खोलगट पट्टीची राहते. सगळ्यांची गेली की झालं सपाट.

"ताई, कूलर बंद कर वं! चुरा उडून राहिला," मेव्हणा ओरडला.

कूलर बंद झाला आणि दहा मिनिटांत आम्ही दोघे घामाने निथळलो. तीनदा घासून, तीनदा शाई लावून झाल्यावरही त्याचं समाधान होईना. "हाताले समजत नाही. गालाले समजते," असं म्हणून त्याने ताज्या रंगवलेल्या पट्ट्यांवर गाल टेकवला, डोळे मिटले आणि बाळाला झोपवावं तसा दांडा हळूच पुढेमागे सरकवला.

तो उठला तेव्हा त्याच्या गालावर पाच काळ्या रेघा होत्या.

बायको हातातली पोळी घेऊनच खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आरशात पाहिलं, साबण लावला, खोबरेल तेल लावलं. रेघा थोड्या रुंद झाल्या, एवढंच. आणि दुपारच्या पाळीची कंपनीची बस काही थांबणारी नव्हती.

"दुपट्टा बांध," बायको कशीबशी म्हणाली. "उन्हात कोण विचारते तुले?"

रस्त्यावर खरंच कोणी विचारलं नाही. अर्धं नागपूर तोंड बांधूनच फिरत होतं. कारखान्यात मात्र दुपट्टा सोडावा लागला. त्याच्या साहेबाने म्हणे जवळ येऊन रेघा मोजल्या आणि विचारलं, "गाल नापायला दिला होता का गा?"

इकडे मी उरलेलं काम एकट्याने केलं. पट्ट्यांच्या कडा बारीक कानशीने गोल केल्या, पितळी भांड्यांच्या पावडरने त्या चकचकीत केल्या, तारा चढवल्या. सातव्या फ्रेटवर बोट ठेवलं. स्वच्छ, गोल सूर निघाला. मला इतका आनंद झाला की मी तोच एक सूर पाऊण तास वाजवला. शेवटी बायकोने येऊन विचारलं, "बाकीच्या पट्ट्या घासायच्या राहिल्या का?"

मेव्हण्याचा फोन आला तो थेट पाळी संपल्यावर. "भाऊजी, पुढच्या रविवारी टेबल रिकामं ठेवजा. माझा गाल पाहून आमच्या साहेबाले त्यायची गिटार आठवली."