वाम कुणाच्या हातची

तोमोए कुराता कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या बाईला लोक जमेतच धरत नाहीत. टोकियोच्या मासळीबाजारात तिच्या घरचा वामेचा गाळा होता. पुढे नवरा उभा राहायचा, भाव ओरडायचा, गिऱ्हाइकांशी हास्यविनोद करायचा. मागे पत्र्याच्या आडोशाला तोमोए. वळवळती वाम फळीवर घ्यायची, डोक्यात टोचा ठोकून ती जागच्या जागी धरायची आणि पाठीवरून एका ओढीत सुरी शेपटीपर्यंत न्यायची. अशी एकतीस वर्षं गेली. बाजारात मात्र बोलबाला कुणाचा, तर नवऱ्याच्या हाताचा! राबायचं एकीने आणि मिरवायचं दुसऱ्याने.

नवरा गेला. त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि गिन्झातल्या हिगुचीसाननी मायलेकांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. त्यांचं आठच खुर्च्यांचं सुशीचं दुकान. बड्याबड्यांना तीन-तीन महिने थांबूनही जागा मिळत नाही. गाळ्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही तेच. मुलगा शिनपेई वाटेत तिसऱ्यांदा म्हणाला, "आई, तिथे काही बोलू नकोस हं. हिगुचीसाननी माल घेणं बंद केलं तर आपण बसलोच म्हणून समज."

"मी कधी बोलते रे?"

"नाहीस बोलत. आजही नको."

पहिला घास समोरच्या फळीवर आला तेव्हाच तिच्या लक्षात आलं. शिनपेईच्या घासात माशाखालचा भाताचा गोळा मोठा, तिच्या घासात इवलासा. असल्या दुकानांत बायकांना न विचारताच भात कमी देतात.

"हिगुचीसान, तांदूळ महागले का?"

"छे छे! बायकांना जड होऊ नये म्हणून, वहिनी."

"पहाटे दोनला उठून तीन पाट्या वामा चिरून आलेय मी. मला काही जड होत नाही."

पुढचा घास बरोबरीचा आला. शिनपेईचे कान लाल झाले होते. तिने मॅकरेल खाल्ला, कोळंबी खाल्ली, चहा मागून घेतला. एकूण मजेत होती.

मग वाम आली. मऊ शिजवलेली, वरून गोडसर रसाचा एक हात फिरवलेला. हिगुचीसाननी बाकीच्या पाहुण्यांकडे पाहून आवाज चढवला. "ही कुरातांची वाम. यांच्या वडिलांचा हात असा, की काटा शोधून सापडायचा नाही. आता तो हात मुलाकडे आलाय. काय शिनपेईसान?"

शिनपेईने मान खाली घातली. "आपली कृपा."

तोमोएने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सुशी फळीवर आली की लगेच तोंडात जायला हवी. ती तशीच ठेवणं म्हणजे करणाऱ्याच्या तोंडावर त्याला नाव ठेवणं. सगळ्यांनी खाल्ली. हिची तशीच राहिली. शेजारच्या बाईने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"वहिनी, गार होतेय," हिगुचीसान म्हणाले.

"होऊ दे."

"काही चुकलं का?"

"नाव चुकलं."

शिनपेई कुजबुजला, "आई, पाया पडतो तुझ्या. खा ना."

तोमोएला राग आला होता. नवऱ्याचा नव्हे, तो बिचारा गेला. स्वतःचाच. एकतीस वर्षं मूग गिळले म्हणून. आता गाळा बुडाला तरी बेहत्तर, आणखी एक मूग गिळायचा नाही, असं तिने ठरवलं. मुलाकडे पाहून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी नाही सांगणार. तू सांग. तुझ्या बापाने किती वामा चिरल्या?"

शिनपेईने हिगुचीसानकडे पाहिलं, घासाकडे पाहिलं.

"एकही नाही," तो म्हणाला. "बाबांना रक्त बघवत नव्हतं. आणि मला... माझ्या वामेत काटे राहतात, हिगुचीसान. आजवर तुमच्याकडे आली ती सगळी आईच्या हातची."

हिगुचीसाननी तिच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यावरचे सुरीचे जुने वण, टोचा ठोकून ठोकून जाड झालेला तळवा. त्यांनी गार झालेला घास उचलून बाजूला ठेवला, हात धुतले आणि नवा घास वळायला घेतला. घास तिच्यासमोर ठेवण्याआधी ते थांबले.

"इतकी वर्षं विचारलं नाही. तुमचं नाव काय?"

"तोमोए."

"तोमोएसानची वाम," ते पाहुण्यांना म्हणाले आणि तिच्यापुढे कमरेत वाकले.

तिने घास हाताने उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चावला. सगळे बघत होते.

"चिरलीय झकास," ती म्हणाली. "शिजवलीय मात्र जरा जास्त."