रादामेसचा चेंडू उशिरा येतो

रादामेस न्हावी हरतो कसा, हे ज्याला ऐकायचं असेल त्यानं रविवारी जेवणं झाली की माझ्या घरी यावं. त्याची आणि माझी भिंत एकच आहे. सांतो दोमिंगोतल्या आमच्या गल्लीत भिंती केवळ खिळे ठोकायला बांधतात, आवाज अडवायला नाही.

त्याचा मेव्हणा विल्किन न्यूयॉर्कला असतो. दरवर्षी तो घरी सामानाचं पिंप पाठवतो. एका वर्षी साबण, तेल आणि बुटांच्या खाली त्यातून खेळाचं यंत्र निघालं आणि आमच्या रविवारच्या झोपेचं वाटोळं झालं. तेव्हापासून दोघे इंटरनेटवरून बेसबॉल खेळतात. विल्किन तिकडून चेंडू टाकतो, रादामेस इकडून बॅट फिरवतो आणि चेंडू आरामात मागे जातो. मग भिंतीपलीकडून आरोळी येते, "कोण वायफाय खातंय रे?"

खात सगळेच होते. त्याचा पासवर्ड गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ होता. शेजाऱ्यानं मीठ मागितलं, बर्फ मागितला, तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. वायफायही त्यातच आलं. मी तर तीन वर्षं त्याच्या वायफायवर सिनेमे बघत पंखे दुरुस्त केले, आणि त्याबद्दल मला कधी लाजबीज वाटली नाही.

आता हरणं एवढं का झोंबावं, तर त्याला कारण आहे. सतरा वर्षांचा असताना रादामेस बेसबॉलच्या एका अकादमीत होता. तिथून पोरं अमेरिकेला जातात. हा घरी आला. प्रशिक्षक म्हणाला होता, "हात चांगला आहे, पण बॅट उशिरा येते." रादामेसच्या मते त्या सकाळी ऊन डोळ्यांवर येत होतं. ते ऊन त्याच्या दुकानात अजून मावळलेलं नाही. केस कापायला बसलेल्या प्रत्येकाला तो ते दाखवतो, आणि मानेवर वस्तरा असताना कोण वाद घालणार?

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांच्या सुरुवातीला एका रविवारी विल्किन फोनवर हसला. "दाजी, तुमच्याकडे चेंडू गाढवावर बसून येतो का?" ते गल्लीभर ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी रादामेसनं दुकान बंद ठेवलं आणि कुणा मेक्सिकन माणसाचे व्हिडिओ बघत राउटरला हात घातला.

राउटर फ्रिजवर असायचा, देवमातेच्या तसबिरीशेजारी. सासूबाई दोन्या एर्सिलियांनी त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं. रादामेसनं ते काढलं, म्हणाला, यानं सिग्नल गुदमरतो. सासूबाईंनी तोंड फिरवलं. कुणाचे चारचौघांत कपडे उतरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग राउटरपासून यंत्रापर्यंत स्वयंपाकघरातून एक लांब केबल ओढली गेली. त्याच दुपारी निंफानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तिच्यावर फडकी वाळत घातली. पुढे त्यानं राउटरच्या आत शिरून खेळासाठी म्हणे वेगळा दरवाजा उघडला. आणि शेवटी घरातल्या कुठल्या यंत्राला इंटरनेट आधी मिळावं, याची रांग लावली.

"खेळ पहिला, तुझा फोन दुसरा," त्यानं निंफाला सांगितलं.

"लग्नात फादरसमोर उलटं बोलला होतास," निंफा म्हणाली.

एवढं करून चेंडू उशिराच. तेव्हा त्यानं पासवर्ड बदलला. विचारायला गेलो तर म्हणाला, कंपनीनं बदललाय, मलाही सांगितला नाही. हे सांगताना त्याच्या हातातल्या फोनवर मेक्सिकन बडबडतच होता.

गल्लीत कुणी भांडलं नाही. आम्ही भांडत नाही, आम्ही लक्षात ठेवतो. शुक्रवारी घरोघरी राजम्याची गोड खीर शिजली, नारळाचं दूध, रताळी, वर बिस्किटं. तिच्या वाट्या या घरातून त्या घरात जातात, तशा गेल्या. फक्त रादामेसच्या दारावरून त्या पुढे गेल्या. मीही माझी वाटी घेऊन त्याच्या दारावरून पुढे गेलो, आणि चांगला ताठ मानेनं गेलो. निंफा दारातच बसली होती.

संध्याकाळी भिंतीतून तिचा आवाज आला. "मी या गल्लीत जन्मले, रादामेस. आज माझ्या दारात एक वाटी आली नाही. माझं पातेलं भरलेलं आहे, ते नेऊ कुणाकडे?"

"रविवारी जिंकू दे मला," तो म्हणाला. "मग सगळं ठीक होईल."

रविवारी गल्ली गप्प होती. वायफाय एकट्याचं, केबल नवी, दरवाजा उघडा. विल्किन फोनवर म्हणाला, "दाजी, आज लाईन झकास आहे." आणि मग मी नुसतं ऐकत बसलो. चेंडू मागे गेला. पुन्हा गेला. सगळे गेले. मी आरोळीची वाट बघत होतो, आली नाही. खापर फोडायला कुणी उरलंच नव्हतं. शेवटी विल्किनच हळू आवाजात बोलला. पोरगा वाईट नाही, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

"दाजी, तुमची बॅट जरा उशिरा येते."

पलीकडे खुर्ची सरकली. आठवडाभर मी हसू राखून ठेवलं होतं, ते तसंच राहून गेलं. मला वाईट वाटलं त्याचं, खरंच वाईट वाटलं.

सोमवारी रादामेस निंफाचं पातेलं घेऊन दारोदार फिरला. खीर शिळी होती, सगळ्यांनी घेतली. प्रत्येकाला त्यानं न विचारता नवा पासवर्ड सांगितला. मला म्हणाला, "सिनेमे बघ बिनधास्त. रविवारी दुपारीसुद्धा."

"अरे, रविवारी दुपारी तुझा सामना असतो ना?"

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला.

पुढच्या रविवारी जेवणं होतात न होतात तोच वीज गेली. सगळे पंखे थांबले, गल्ली बाहेर येऊन बसली. सकाळपासून वीज खेळ करत होती, त्यामुळे फोनही मेलेले. बॅटरीवर चालणारं घर एकच, रादामेसचं. आम्ही चौघे भिंतीच्या सावलीत डॉमिनो मांडून बसलो. दोन्या एर्सिलिया दारात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांच्यापाशी फोन नाही, कधी नव्हताच.

आतून आरोळी आली, "कोण वायफाय खातंय रे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणाच्या हातात डॉमिनोच्या सोंगट्या, कुणाच्या हातात वारा घ्यायला पुठ्ठा.

"मी, जावईबापू," दोन्या एर्सिलिया शेंगांवरून नजर न हटवता म्हणाल्या. "चुकलं माझं. बंद करते."

मग मीही म्हणालो, मी पण होतो. माझ्या शेजारच्यानं कबूल केलं, समोरच्या दारातून आणखी कुणी. आतला रादामेसचा आवाज एकदम मोकळा झाला.

"ऐकलंस ना, विल्किन? आता टाक."