बाद ठरवलेली नोंद

सागवानी लाकडाचा एक ठोकळा होता, गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढ्या उंचीचा. त्याला दोरी बांधलेली असे, म्हणजे तो खांद्याला अडकवून एसटीत चढता येई. पुण्यातल्या एका विद्यापीठात आरोग्य, मनोरंजन आणि शारीरिक हालचाल यांवर संशोधन करणारे एक केंद्र होते. तिथे मी संशोधन साहाय्यक होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोन वर्षे मी तो ठोकळा घेऊन जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हिंडलो. चावीच्या तालयंत्राच्या टकटकीबरोबर माणसांना तीन मिनिटे त्यावर चढउतार करायला लावायचे, मग खाली बसवून त्यांची नाडी मोजायची आणि ती किती वेळात पूर्ववत होते ते लिहायचे. निरोगी हृदय लवकर शांत होते, एवढेच त्या चाचणीचे सार होते.

आमचा मुक्काम घोडेगावात असे. तिथून डोंगरातल्या गावांना गाड्या जात. एका गावी भाताच्या खाचरातून वर आलेला एक म्हातारा ठोकळ्याकडे बघून म्हणाला होता, "पावणं, आमी दिसभर डोंगूर चढतो, तवा तुमी न्हाई येत. आन् या फळकुटावर चढवाया पुण्यास्नं आलाव व्हय?" मी हसलो होतो. आमच्या छापील पत्रकात व्यायाम, खेळ आणि विरंगुळा असे तीन रकाने होते. डोंगर चढण्याचा रकाना नव्हता. म्हाताऱ्याच्या नावापुढे मी तिन्ही ठिकाणी 'काही नाही' असे लिहिले.

केंद्राच्या प्रमुख बाई कडक होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला बजावले होते, "नात्यातले घर घ्यायचे नाही. नात्यातली माणसे उत्तरे देत नाहीत, पाहुणचार करतात." तेव्हा आम्हा सगळ्यांना ते वाक्य गमतीचे वाटले होते.

माझी धाकटी बहीण डिंगोऱ्याला दिली होती. आमचे घर निरगुडसरचे. लहानपणी खो-खोत तिला कोणी धरू शकत नसे. मधली दोनएक वर्षे मात्र तिला सारखा ताप यायचा आणि गुडघे सुजायचे. आई लसूण घालून कढवलेले तेल चोळी आणि म्हणे, वाढीचे पाय आहेत, दुखायचेच. पुढे ती बरी झाली, निदान आम्ही तसे धरून चाललो.

डिंगोऱ्यातले काम संपत आले होते. फक्त एका बाईची नोंद राहिली होती, आणि यादीतली बाई नेमकी माहेरी गेलेली. शेवटची गाडी निघायला तास-दीड तास होता. उद्या पुन्हा यावे लागू नये, एवढ्यासाठी मी ठोकळा उचलला आणि बहिणीच्या दारात गेलो. प्रमुख बाईंचा नियम मला आठवत होता. आठवत असताना मी तो मोडला.

सासरे ओसरीवर बसले होते. त्यांच्यासमोर सुनेने उंचावर उभे राहणे बरे दिसले नसते, म्हणून ठोकळा गोठ्याच्या बाजूला नेला. तिची सासू दारात उभी राहून बघत होती.

"सुनंला माझ्या माळ्यावर चढाया शिकवताय जणू," ती म्हणाली. "तिला येतंय ते. आमचा माळा ह्याच्याहून उंच हाय."

"आत्याबाई, तुमी बी चढा की," बहीण म्हणाली.

"मला चढवलं तर मला उतरवाया चौघं लागतील गं."

मग मी पत्रक काढले. आधी तब्येतीचे प्रश्न होते. दम लागतो का? "न्हाई." छातीत धडधडते का? "न्हाई." रोज व्यायाम करतेस का? ती हसली. "सकाळधरनं दोनदा इहिरीवर जाऊन आले. धरत्यात का ते?" मी म्हणालो, ते धरत नाहीत. "मंग काय धरत्यात? झोप?"

तिने पदर खोचला आणि टकटकीबरोबर चढउतार केली. नाडी मोजताना मला ठोके सरळ लागेनात. दोन जवळजवळ, मग एक हरवलेला, मग एकदम तीन. पाच मिनिटे झाली तरी वेग उतरेना. मला वाटले, मीच मोजण्यात चुकलो. मी म्हणालो, "पुन्हा एकदा कर." तिने केले. पुन्हा तसेच. मनगटावरचे घड्याळ कानाला लावून पाहिले, ते चालत होते. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तिने गोठ्याचे छप्पर पेलणाऱ्या मेढीला हात लावला आणि क्षणभर थांबून म्हणाली, "दादा, तुझं यंत्र मला खो देतंय." आणि चढली.

तिसऱ्या खेपेलाही आकडा जुळला नाही. असा आकडा पुण्यास नेला तर बाई विचारतील, नाडी नीट मोजता येत नाही का, ही भीती मला अधिक होती. शेऱ्याच्या जागी मी लिहिले : 'मोजणीत दोष. नोंद बाद.' तोवर ती आत जाऊन स्टोव्हला पंप मारत होती. पंपाचा आवाज मधेमधे थांबत होता. तिने चहा आणून दिला, मी तो उभ्याउभ्या प्यायलो आणि गाडी गाठली.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यात तिला आडवे होता येईना, बसूनच श्वास घ्यावा लागे. पुण्याच्या एका रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप आकसली आहे. ते वैतागून म्हणाले, "आजवर यांची नाडी कुणी पाहिलीच नाही का?"

तिथे माझी आई होती, बहिणीची सासू होती आणि मी होतो. सासूने माझ्याकडे एकदा पाहिले. मग मान खाली घालून म्हणाली, "न्हाई साहेब. कोन बघणार?"

मी काही बोललो नाही. चौथ्या दिवशी बहीण गेली. पोटातले मूलही गेले.

पुढे दोन हजार सालानंतर केंद्र नव्या इमारतीत हलले आणि जुनी पत्रके रद्दीत काढायची ठरली. गठ्ठ्यातून मी तिचे पत्रक शोधून काढले. ते खिशात घालून काही आठवडे हिंडलो, आणि मग डिंगोऱ्याला गेलो.

सासू एकटीच होती, शेंगा फोडत बसलेली. मी तिच्यासमोर पत्रक ठेवले. तिला वाचता येत नव्हते.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले. नोंद बाद.

"कुनी केली बाद?"

"मी."

तिने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. मी सगळे सांगितले. डॉक्टरांसमोर मी गप्प राहिलो, तेही सांगितले. मग ती बोलली.

"मला ठावं व्हतं. तुमी गेलाव आन् ती तितंच मेढीला टेकून बसली, व्हट काळंनिळं झालं व्हतं. मी म्हनलं, हाक मारते दादाला, आजून फाट्यावर आसंल. तर माझं लुगडं धरलं तिनं. म्हनली, नगा आत्याबाई, त्याची गाडी चुकंल." तिने शेंग खाली ठेवली. "मी बी हाक मारली न्हाई. दुसऱ्या दिशी कामाला लागली, मला वाटलं, निवळलं."

"डॉक्टरांना तुम्ही खरे का सांगितले नाही?"

"तुमची आई हुबी व्हती की तितं. तिची लेक चालली व्हती. तिला आनि काय ऐकवू?"

केंद्राच्या बाईंचे पाहुणचाराचे ते वाक्य मला पुरते कळायला इतकी वर्षे लागली. बहिणीने मला एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते.

पत्रकाची घडी घालून सासूने ते माझ्या हातात परत दिले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"बसा. च्या टाकते."

फाट्याकडून गाडीचा आवाज आला. ती शेवटची होती. मी बसून राहिलो.