अफसानानं मागितलेला पहिला गडी

लग्नाआधी आमचं हे मला बघायला आलं तवा ह्यांनी सगळ्यात आधी माझं पाय बघितलं. तोंड न्हाय, पाय! मी चहा घेऊन आलो आणि हे आपलं खाली मान घालून बसलेलं. माझी अम्मी खूश. म्हणती, पोरगा किती लाजाळू हाय. डोंबलाचं लाजाळू! लग्नानंतर एक दिवस मला म्हणालं, "बेगम, तू वळताना आधी टाच उचलतीस. लहानपणी कुणी हातात हॉकी दिली असती तर लेफ्ट विंगला नाव काढलं असतंस." आता असल्या माणसाचं काय करायचं, तुमीच सांगा. आणि मी 'आलो' म्हटलं म्हणून हसू नका, आमच्या कोल्हापुरात बायकाबी आलो-गेलोच म्हणत्यात.

तर हे म्हंजे इकबाल मुजावर. दिवसभर उद्यमनगरात लेथ मशीनवर, आणि कारखाना सुटला की अंगावरचा लोखंडाचा कीस झाडत थेट हॉकीच्या मैदानावर. तरुणपणी जिल्ह्याकडनं खेळायचं. गुडघा गेला, खेळ थांबला, पण डोळं काय थांबंनात. शाळेच्या पोरींना हॉकी शिकवायला लागलं आणि मग जाईल तिथं खेळाडू दिसायला लागलं. मंडईत मिरच्या आणायला पाठवावं, तर हे भाजीवालीकडं बघत उभं. "ती कोबी कशी झेलती बघ, अस्सल गोलकीपरचा हात हाय." मिरच्या गेल्या चुलीत. एकदा तर ह्यांच्या चुलतभावाच्या लग्नात नवरीच्या बहिणीला थांबवून विचारलं, "बाळ, तू कुठल्या शाळेत? कंबर चांगली वाकती तुझी." लोकांनी मारलं न्हाय हे नशीब.

अफसाना आमची एकुलती एक. चालायला लागली तवाच ह्यांनी लेथवर एक बारकी काठी तासून तिच्या हातात दिली. पोरगी काय खेळायची म्हणून सांगू! तिनं चेंडू मारला की टण्ण आवाज यायचा आणि कट्ट्यावरची माणसं चहा प्यायची थांबायची. मधल्या फळीत खेळायची. शाळेच्या कपाटात तिचं कप ठेवायला जागा उरली नव्हती.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. पुण्यातल्या खेळाडू मुलींच्या वसतिगृहात आपल्या जिल्ह्याला एक जागा आली. राहायचं तिथं, शाळा तिथं, खेळ तिथं, शिकवायला मोठमोठे कोच. जिल्ह्यातनं पोरी बोलावून त्यातली एक निवडायची. निवड समितीचे अध्यक्ष हंबीरराव, आणि नाव सांगायचं काम आमच्या ह्यांचं. अफसाना चौदाची हुती. पंधरा पुरी झाली की वसतिगृहाचं दार बंद. म्हंजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. मी तर तिची ट्रंकबी बघून ठेवली हुती, निळी, कुलपासकट.

हंबीरराव म्हंजे जुने पैलवान. मनाला लई चांगला माणूस, पण बघायची नजर सगळी तालमीतली. हॉकी असू दे, कबड्डी असू दे, न्हायतर पोरांचं बुद्धिबळ असू दे, हे आधी मान बघणार, मग मनगट, मग पोटऱ्या, आणि मग विचारणार, "दूध किती पितोस?" आमच्या गावात ह्याला कुणी हसतबी न्हाय. सगळीच तशी बघत्यात.

निवडीच्या दिवशी मी डबा घेऊन कट्ट्यावर बसलो. शेजारी एक खाकी कपड्यातला माणूस बसलेला. नागसेन कांबळे त्याचं नाव, चंदगडला एसटीत ड्रायव्हर. पोरीला घेऊन पहाटंच्या गाडीनं आलता. पोरीचं नाव मनाली. मी बघितलं आणि मनात म्हटलं, या अल्ला, हिला वारा लागला तर ही पंचगंगेपर्यंत जाईल. हंबीररावांनी तर तोंडावरच सांगितलं, "पावणं, पोरीला आधी दूध पाजा, मग हॉकी द्या." नागसेन बिचारा कसनुसा हसला.

खेळ सुरू झाला आणि मनालीच्या पायी शिट्ट्याच शिट्ट्या. हॉकीची काठी एका अंगानं सपाट असती, दुसऱ्या अंगानं गोल. गोल अंग चेंडूला लागलं की चूक. ही पोरगी निम्म्या वेळा गोल अंगानंच मारायची. त्यात डावरी. आमचं हे शिट्टी वाजवून वाजवून दमलं. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या.

"ताई, तिची चूक न्हाय," नागसेन मला हळूच म्हणाला. "आमच्याकडं शाळेत काठ्या कुठल्या? मास्तरांनी काजूच्या वाकड्या फांद्या तोडून दिल्यात. त्याला सपाट न्हाय न् गोल न्हाय, दोन्हीकडनं सारखंच. आज पैल्यांदा खरी काठी धरली तिनं."

"मग शिकंल की," मी म्हटलं. मला काय, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. माझं सगळं ध्यान अफसानाकडं.

जेवायच्या आधी ह्यांनी पोरींना गोळा केलं. आता इथं ह्यांची एक पद्धत हाय. दुपारच्या सामन्याचे संघ हे कवाच पाडत न्हाईत. दोन पोरी पुढं उभ्या करायच्या आणि सांगायचं, गडी मागा. गल्लीत लेकरं मागत्यात तसं. आधी एकीनं एक नाव घ्यायचं, मग दुसरीनं, असं शेवटचा गडी उरंपर्यंत. ह्यांचं म्हणणं, आपण म्हातारी माणसं बाहेरनं बघतो, पण बरोबर पळणाऱ्याला कळतंय कोण कसा हाय. त्या दिवशी एका बाजूला कुरुंदवाडची अक्षता उभी केली, उंचीपुरी, दणकट. दुसऱ्या बाजूला आमची अफसाना. पहिला मान अफसानाला.

अफसानानं सगळ्यांवरनं नजर फिरवली आणि म्हणाली, "मनाली."

पोरी परत हसल्या. मी कपाळावर हात मारला. मनात म्हटलं, आगं खुळे, आज दया दाखवायचा दिवस हाय व्हय? चांगलं चांगलं गडी माग की! अक्षता तर खूशच झाली, तिनं पटापटा थोराड पोरी गोळा केल्या. हंबीरराव हसून म्हणाले, "लेकीचं मन लई मोठं हाय इकबाल." ह्यांनी जेवायच्या सुट्टीची शिट्टी वाजवली.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पोरी डबं उघडून बसल्या. मनाली एकटीच पिंपळाखाली काठी घेऊन उभी हुती. चेंडू बी नव्हता जवळ. नुसती काठी डाव्या हातात धरायची आणि मनगट फिरवायची. सपाट, गोल, सपाट, गोल. बापानं भाकरी धरली हुती, ती तशीच त्याच्या हातात राहिली.

दुपारी काय झालं ते मला खेळातलं काय कळत नसताना बी दिसलं. रोप लावायला वाकावी तशी ती पोरगी एकदा वाकली ती परत सरळ झालीच न्हाय. काठी जमिनीला लागलेली, डोळं वर. अक्षताच्या संघातल्या पोरी अंगावर यायच्या, ही चेंडू इकडनं तिकडं करून मधनंच निघून जायची. शिट्टी एकदाबी वाजली न्हाय. अफसाना तिला चेंडू द्यायची, ती अफसानाला द्यायची, जशी काय दोघी एका पाळण्यात वाढल्यात. त्यांच्या संघानं गोलावर गोल केलं, त्यातलं निम्मं अफसानाचं. मी उठून टाळ्या वाजवल्या. ट्रंक भरायला घ्यायची असं ठरवूनबी टाकलं.

खेळ संपला. हंबीरराव ह्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "इकबाल, तुझी लेक वाघीण हाय. बापाला लाज वाटत असंल तर मी नाव सांगतो. माझी काय हरकत न्हाय."

"नाव मीच सांगतो," हे म्हणालं. "मनाली नागसेन कांबळे."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. हंबीररावांचं तोंड उघडं ते उघडंच. "आरं खुळा का काय तू? मान बघ तिची, करंगळीएवढी!"

"हॉकी मानेनं खेळत न्हाईत हंबीरराव."

अफसाना तिथंच उभी हुती. काठी खाली टाकली न्हाय, आदळली न्हाय. नीट पिशवीत घातली आणि घरची वाट धरली. घरात आली आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून ढसाढसा रडली.

त्या दिवशी मी ह्यांना सोडलं न्हाय. "लोकं वशिला म्हणतील म्हणून पोरीचा गळा कापला का तुमी? तुमच्या नावाला डाग नको म्हणून? जिल्ह्यात तिच्याएवढी एकतरी खेळती का सांगा!"

"न्हाय खेळत," हे म्हणालं. "लोकांना भिऊन नाव गाळलं असतं तर मी आज पाणीबी प्यालो नसतो बेगम. अफसाना गेल्या साली जेवढी खेळायची तेवढीच आज खेळली, एक चूक न्हाय. पण ती पोरगी सकाळी ज्या चुका करत हुती त्या दुपारी करत नव्हती. काठी डाव्या हातानं फिरवायची असती, आपल्या पोरींचं त्यातच वर्ष जातंय. तिनं भाकरीच्या वेळात केलं. तिथं शिकवायला माणसं बसल्यात. शिकणारी पोरगी पाठवायला पाहिजे."

"आणि माझ्या पोरीनं काय करायचं? लेथ चालवायचा?"

ह्यांनी उठून गुडघ्याला तेल लावायला घेतलं. मी आठवडाभर भाजीत मीठ घातलं न्हाय. हा माणूस गप जेवायचा आणि वर म्हणायचा, झकास झालंय. आणखीनच आग व्हायची माझ्या तळपायाची. आणि मी चुकलो असं आजबी म्हणणार न्हाय. आई हाय मी, निवड समिती न्हाय.

अफसाना मैदानावर जायची बंद झाली. मग एका शुक्रवारी जेवताना ह्यांनी तिला विचारलं, "एक सांग. तू सगळ्यात आधी मनालीलाच का मागितलंस?"

तिनं ताटात बोट फिरवलं. "ती समोरच्या संघात गेली असती तर मी हरलो असतो अब्बा."

"पण तवा तिला धड चेंडू मारता येत नव्हता. सगळी हसत हुती तिला."

"हसू देत. प्रत्येक शिट्टीला बाकीच्या पोरी तुमच्याकडं बघायच्या. ती काठीकडं बघायची."

ह्यांचा घास हातातच राहिला. "आगं, मला ते दुपारी दिसलं," हे म्हणालं. "तुला सकाळीच दिसलं व्हय?" आणि माझ्याकडं बघून असं हसलं, जसा काय लेकीला सुवर्णपदक मिळालंय. मी म्हटलं, हसायला काय झालं? पोरीचं वाटोळं झालंय आणि ह्यांना दात काढायचं सुचतंय.

पण पुढच्या रविवारी हे तिला लुनावर मागं बसवून शाहूवाडीला एका शाळेत पोरी बघायला घेऊन गेलं. आधी ती नकोच म्हणत हुती. परत आली ती बडबडतच. अमकीचं पाय हलकं हायत, तमकीला भ्या वाटत न्हाय, पण ऐकत न्हाय कुणाचं. मग त्यो ह्यांचा नादच झाला. दर रविवारी बापलेक निघालीच. कवा शिरोळ, कवा आजरा. येताना भांडत यायची. "तुमाला काय दिसत न्हाय अब्बा!" "तुला लई दिसतंय!" शेजारची धोंडुबाई विचारायची, लग्न जमवायलाबिमवायला जाता काय ओ? मी म्हणायचो, व्हय, दुसऱ्यांच्या लेकींचं हॉकीशी जमवायला.

अफसाना शिकली, खेळाची पदवी घेतली, शाळेत शिक्षिका झाली. मनाली वसतिगृहात गेली ती चमकलीच, राज्याच्या संघात आली, पुढं रेल्वेत नोकरी लागली. माणुसकीची पोरगी. दर मे महिन्यात गावाकडनं येताना काजूची पिशवी घेऊन येती, अफसानाच्या गळ्यात पडती आणि मला म्हणती, "काकी, अजून रागावलाय का?" मी म्हणतो, व्हय, आणि पिशवी ठेवून घेतो.

आणि दोन हजार आठ साली परत जिल्ह्याला एक जागा आली. हंबीरराव आता थकलं हुतं, आमच्या ह्यांचा दुसरा गुडघाबी गेलता. समितीनं विचारलं, आता नाव कोण सांगणार? हंबीररावांनीच सांगितलं, "इकबालच्या लेकीला बसवा. मी ज्या पोरीला दूध पाजायला सांगत हुतो, तिला तिनं पहिला गडी म्हणून मागितलं हुतं. मी विसरलो न्हाय."

निवडीच्या दिवशी मी परत कट्ट्यावर. शेजारी नागसेनच्या जागी आमचं हे, काठी टेकून. टेबलामागं खुर्चीवर माझी अफसाना, गळ्यात ह्यांची शिट्टी. ह्यांची वळवळ काय थांबंना. "अफसाना, ती लाल रिबनवाली बघ! तिचं वळणं बघ!"

"अब्बा, बाहेर बसलाय न्हवं? मग गप बसा," ती तिथनं ओरडली.

हे एवढं खूश, एवढं खूश, की ह्यांनी मला कोपर मारलं आणि माझ्या हातातला चहा सांडला. माझ्याबी डोळ्यात पाणी आलं, लपवायचं काय त्यात.

तेवढ्यात हंबीरराव काठी टेकत आलं आणि माझ्या कानाशी लागलं. "वहिनी, ती उंच पोरगी हाय न्हवं, ती आमची नात. माझ्या लेकाची, पृथ्वीराजची. लेकीच्या कानावर जरा घाला की."

मी त्यांच्याकडं बघितलं. अकरा वर्षांचा राग आणि अकरा वर्षांचं हसू, दोन्ही एकदम वर आलं.

"हंबीरराव," मी म्हटलं, "ह्या घरात वशिला चालत असता तर माझी लेक त्या खुर्चीवर बसलीच नसती की ओ!"

म्हाताऱ्यानं त्या खुर्चीकडं बघितलं. मग "व्हय की," म्हणून असा हसला की त्याला ठसका लागला, आणि आमच्याशेजारी कट्ट्यावर बसला. मी त्यांना चहा ओतून दिला.

समोर अफसाना खुर्चीवरनं उठली. दोन पोरींना पुढं उभं केलं आणि म्हणाली, "चला. गडी मागा."